मर्यादा नव्हे, कोटा

मर्यादा नव्हतीच. कोटा होता, आणि तो वाढवून मागायचा चार ओळींचा अर्ज मी भरला नव्हता.

हे मी पहिल्यांदाच कुठेतरी उतरवतो आहे. बायकोला सांगितलं नाही, मित्राला सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याची एक सोय असते, लोक समजतात की याच्या पोटात काही नसेलच. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हा नाही म्हणणार होतो. मग वाटलं, कामाबद्दल लिहायचं तर हे सोडून कसं लिहू? आणि काम असं आहे की त्याबद्दल सांगायला लागलो की पन्नाशी उलटली तरी मला चेव येतो. तेव्हा दोन्ही एकत्रच ऐका. वेगळं काढून देता येत नाही.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. गावात मला 'नाववाले भाऊ' म्हणतात. या नावावर भरवसा ठेवून एकदा एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉलीच दारात घेऊन आला. मागच्या फळीवर पोराचं नाव रंगवून हवं होतं. मी रंगवत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग नावाचं करता काय तुम्ही?"

प्रश्न रास्त आहे. सांगतो.

समजा, तुम्ही पहिल्यांदाच पांढुर्ण्याला उतरलात आणि तुम्हाला सावरगावातल्या एका गुरुजींकडे जायचं आहे. नाव माहीत आहे, घर माहीत नाही. तुम्ही स्टँडवरच्या पानठेल्यावर विचारता. ठेलेवाला पानाला चुना लावता लावता सांगतो, पूल ओलांडा, डावीकडची दुसरी गल्ली, निळं दार. तो तुम्हाला पोचवायला येत नाही. गुरुजी कसे आहेत, घरी आहेत की नाहीत, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. नाव सांगा, ठिकाण घ्या. इंटरनेटवरही हेच चालतं. मोबाइलला नावं कळत नाहीत, त्याला आकडा लागतो. तुम्ही नाव टाकता, मोबाइल ठेल्यावर विचारतो, आकडा मिळतो आणि पान उघडतं. ठेला बंद पडला तर गुरुजी ओसरीवर वाट पाहत बसतात आणि पाहुणा स्टँडवरूनच परत जातो. या ठेल्याला आमच्या धंद्यात डीएनएस म्हणतात.

नागपूरच्या कंपनीत होतो तेव्हा हा ठेला आम्हीच चालवायचो. कपाटाएवढ्या मशीन, आणि खोलीचा एसी बंद पडला की मशीनच्या आधी आम्हाला घाम. आता ठेला भाड्याने मिळतो. क्लाउड म्हणतात ते हेच. जगभरच्या मोठमोठ्या शहरांत एका मालकाचे ठेले, सगळ्यांना तुमचे पत्ते पाठ, आणि तुम्ही आपले पांढुर्ण्यात बसून सांगायचं, हे नाव वाढवा, ते बदला. नागपूर सोडून गावी आलो आणि दुकानातून पहिलं नाव टाकलं, तेव्हा दुबईतल्या भाच्याला फोन करून म्हटलं, उघडून पाहा. तो म्हणाला, उघडलं मामा. मी अजून कळेवरून बोट काढलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी पायी गेलो, मोटारसायकल दुकानासमोरच विसरून.

तर या भाड्याच्या ठेल्याचे नियम असतात, आणि ते दोन प्रकारचे. एक म्हणजे कोटा. नव्या गिऱ्हाइकाला सुरुवातीला इतकीच नावं ठेवता येतील, असा. कोणी लबाडीने ठेला अडवून बसू नये म्हणून तो मुद्दाम कमी ठेवतात. तुमचा धंदा खरा असेल तर अर्ज करायचा, कारण लिहायचं, कोटा वाढतो. दुसरी पक्की मर्यादा. ती अर्जाने हलत नाही, ओळखीने हलत नाही, पैशाने हलत नाही. नावाच्या एका तुकड्यात त्रेसष्टच्या वर अक्षरं चालत नाहीत, ही तसली. हा नियम ठेलेवाल्याचाही नव्हे. ज्यांनी हा सगळा खेळ मांडला त्यांनीच तो करून ठेवला.

ही मर्यादा काय चीज आहे ते सौंसरच्या कळंबे काकाजींना विचारा. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. त्यांना वेबसाइटचं नाव मराठीतच हवं होतं, आणि त्यात श्री हवा, जामसांवली हवी, हनुमानकृपा हवी, सीतारामजी कळंबे हवेत, अँड सन्स हवं आणि कृषी केंद्र तर हवंच हवं. आता गंमत अशी की देवनागरी नाव यंत्रासाठी आतल्या आत रोमन अक्षरांत बदलतं, आणि बदलताना ते भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं. काकाजींचं नाव पातेल्याबाहेर.

"वाढवून घ्या ना बावा," काकाजी म्हणाले. "कोणाले बोला लागते तेवढं सांगा. भोपाळपर्यंत वळख हाय आपली."

"भोपाळच्या हातात नाही काकाजी. कोणाच्याच नाही."

"ज्यानं नियम केला त्याच्या तं असन?"

"त्याने केला तेव्हा त्याला तुमचं नाव माहीत नव्हतं."

काकाजी विचारात पडले. मग कात्री घेतल्यासारखे एकेक तुकडा कापत गेले. श्री मनात म्हणता येतो, श्री गेला. मारुतीचं गाव सगळ्यांना ठाऊक आहे, जामसांवली गेली. दुकानात आल्यावर दिसतंच, कृषी केंद्र गेलं. देवाला हात लावायची हिंमत नाही. मुलांना कापलं तर सुना बोलणार. शेवटी त्यांनी स्वतःला कापलं. उरलं 'हनुमान-कृपा-अँड-सन्स'. सौंसरचे टवाळ अजून त्यांना विचारतात, काकाजी, ब्रह्मचाऱ्याला सन्स कुठून? काकाजी म्हणतात, मशीनले विचारा.

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण माणूस मर्यादेपुढे कसा गप्प होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मर्यादा म्हटलं की कोणी भांडत नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसली असणार.

आता संत्र्यांकडे येतो.

आमच्या भागातली संत्री जन्मभर नागपूरच्या नावाने विकली गेली. झाड बोरगावचं, पाणी बोरगावचं, पेटीवर नागपूर. दिल्लीच्या व्यापाऱ्याला विचारा सौंसर कुठे आहे, तो खांदे उडवेल. आमच्याकडच्या बागायतदारांचं एक मंडळ आहे. त्यांच्यापुढे मी कल्पना मांडली, की प्रत्येक बागायतदाराला इंटरनेटवर स्वतःचं नाव देऊ. मंडळाच्या नावाच्या आधी आपलं नाव लावायचं, मधे एक टिंब. त्याचा क्यूआर कोड छापून क्रेटवर स्टिकर लावायचं. रायपूरच्या दुकानदाराने मोबाइल धरला की थेट बाग दिसली पाहिजे, झाडांचे फोटो, माल कधी निघणार, फोन नंबर. फळ आवडलं तर पुढच्या बहाराला तो दलालाला नाही, थेट बागेत फोन करील.

मंडळाने होकार दिला आणि मला उधाण आलं. मोटारसायकलवर बागा फिरलो, फोटो काढले, नावं विचारली. प्रत्येक जण नाव सांगताना जरा सरळ उभा राहायचा. मी तर इतका हुरळलो की नावं ठेल्यावर चढवायच्या आधीच स्टिकरांचे रोल छापून वाटून आलो. बारशाआधी पाळण्यावर नाव कोरण्यातला प्रकार. आमच्या धंद्यात हे असं करत नाहीत. आधी नाव चढवायचं, उघडतं का पाहायचं, मग छापायचं. मला माहीत होतं, तरी केलं.

बोरगावच्या इंदुबाई घाटोडे याच फेरीत भेटल्या. त्यांच्या बागेत गेलो तेव्हा त्या पाण्याच्या नळीपाशी वाकलेल्या होत्या, आणि यजमान नारायणभाऊ पंप पाठीला बांधून फवारणी करत होते. जमीन नारायणभाऊंच्या नावावर. मी वहीत नारायण लिहायला लागलो तर त्यांनीच थांबवलं. म्हणाले, जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याच्या कलमाचा एकेक डोळा तिनं बांधला, बाग तिची हाय, मी तं फक्त फवारतो. इंदुबाई नळी खाली ठेवून उठल्या. यांचं नाव राहू द्या, म्हणाल्या, पण माझंबी एक वेगळं लिहा. नुसतं इंदु. मी रोल छापून दिला तेव्हा त्यांनी एक स्टिकर काढून नखाने त्याच्या कडा दाबत हाताच्या पाठीवर लावलं आणि किती तरी वेळ ते तसंच ठेवलं. त्यांचं पाहून आणखी काही बायकांनी आपापली नावं दिली.

मग सौंसरला मंडळाची सभा झाली. सभागृह भरलेलं. भिंतीवर माझ्या लॅपटॉपचा पडदा. मी एकेक नाव वाचायचो, चढवायचो, लोक आपापल्या मोबाइलवर उघडायचे आणि टाळ्या. एका म्हाताऱ्या बागायतदाराने स्वतःचं पान उघडलं आणि मोबाइल कपाळाला लावला. अध्यक्षांनी सुरुवातीलाच मला बजावलं होतं, की तुमचं ते इंग्रजी नको, मराठीत सांगा, सगळ्यांना समजलं पाहिजे. जमीन ज्यांच्या नावे ती नावं आधी, बायकांची शेवटी, हा क्रमही त्यांचाच. पुरुषांची नावं संपली. मी म्हटलं, इंदुबाई घाटोडे, बोरगाव. त्या जागेवरून उठून मोबाइल हातात घेऊन पुढे आल्या. मी कळ दाबली.

पडद्यावर लाल पट्टी आली. कोटा भरला होता.

याची सूचना मला ठेलेवाल्या कंपनीने आधीच मेलवर पाठवली होती. तुमचा कोटा भरत आला आहे, वाढवायचा असल्यास अर्ज करा. बागा फिरण्याच्या नादात मी तो मेल उघडून पाहू पाहू म्हणत ठेवला होता. खरं सांगायचं तर तेव्हा एकच वाक्य पुरेसं होतं, की माझा एक अर्ज राहिला, उद्या होईल. पण सगळं सभागृह मला टाळ्या वाजवून बसलेलं. नागपूरच्या कंपनीतून आलेला माणूस. त्याच्या तोंडून विसरलो हा शब्द निघेना.

मी म्हटलं, "मर्यादा आली."

मी लिमिट म्हणालो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. लिमिट सगळ्यांना कळतं, मोबाइलच्या डेटाला असतं, गॅसच्या सिलिंडरला असतं. पण मला मराठीत सांगायचं होतं.

"म्हणजे कशी?" इंदुबाईंनी विचारलं.

"मर्यादेच्या पलीकडे नाव टाकता येत नाही, बाई."

मागच्या रांगेतून कोणी वयस्क आवाज सहज म्हणाला, "बराबर हाय. बाईच्या जातीनं मर्यादेतच राहावं."

काही जण हसले. काहींनी माना हलवल्या. त्या बिचाऱ्यांना वाटलं, यंत्रातही तशी सोय असेल. इंदुबाई हसणाऱ्यांकडे वळल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला असंच म्हणायचं होतं का, तेवढं त्यांना माझ्या तोंडावर वाचायचं होतं. मी तोंड लॅपटॉपमध्ये घातलं आणि काहीतरी महत्त्वाचं करतो आहे अशा थाटात उगीच कळा दाबत राहिलो. वर पाहिलं तेव्हा त्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. बाकीच्या बायकांची नावं मग अध्यक्षांनी पुकारलीच नाहीत.

त्याच संध्याकाळी दुकानात येऊन मी अर्ज भरला. कारण काय, या रकान्यात लिहिलं, आणखी बागायतदारांना स्वतःचं नाव हवं आहे. सकाळी उत्तर आलं, कोटा वाढवला. हवा होता त्याच्या कितीतरी पट. मी बोरगावला फोन लावला, बाई, आता नाव टाकता येतं. त्या म्हणाल्या, राहू द्या, घरी ठरलं हाय. फोन ठेवला. इतर बायकांनीही राहू द्याच म्हटलं. 'का' असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

पुढच्या आंबिया बहारापर्यंत, म्हणजे थंडीच्या तोंडावर निघणाऱ्या संत्र्यांपर्यंत, सगळं छान चाललं, आणि मग असा एक दिवस आला की त्याच्यासाठी मी हा धंदा जन्मभर करीन. बागांची पानं ज्या सर्व्हरवर होती तो बदलावा लागला. म्हणजे सगळ्या नावांचे आकडे बदलायचे. ऐन तोडणी, मंडीत गाड्या लागलेल्या. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, की सगळी नावं एका दमात बदल. कळ दाबली. थोडी नावं बदलली आणि ठेला म्हणाला, हळू. ही पक्की मर्यादा होती, खरी, सेकंदाला इतकेच बदल. माझा प्रोग्राम अडाण्यासारखा पुन्हा पुन्हा धक्के देत राहिला, ठेला पुन्हा पुन्हा हळू म्हणत राहिला. अर्धी नावं नव्या घरी, अर्धी जुन्या घरी, आणि जुनं घर बंद होत आलेलं. फोन सुरू झाले. मंडीतून, सौंसरहून, एक तर थेट गाडीतल्या ड्रायव्हरचा, की व्यापारी कोड दाखवा म्हणते, अन् तुमचं काही उघडून नाई राहिलं.

डोकं एकदम लख्ख झालं. मला जामसांवलीची रांग आठवली. शनिवारी तिथे केवढी गर्दी, तरी चेंगराचेंगरी होत नाही, कारण दाराशी एक सेवेकरी दोर धरून उभा असतो. दोर वर करतो, मूठभर माणसं आत, दोर खाली. ती बाहेर पडली की पुन्हा वर. मी प्रोग्रामला दोर बांधला. मूठभर नावांची एकच मोळी करायची, पाठवायची, श्वास घ्यायचा, दुसरी मोळी. ठेला हो म्हणाला तर पुढे, हळू म्हणाला तर थांबायचं आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं. सुरू केलं. आणि नावं लागायला लागली! एकामागून एक, पडद्यावर हिरवी होत. मी खुर्चीत बसूच शकलो नाही. उभ्याने, मोठमोठ्याने वाचायला लागलो, गजानन, विठोबा, वासुदेव, रामराव. जन्मात एवढा आवाज केला नसेल.

शेजारच्या चक्कीचे रमेशभाऊ भुवयांपर्यंत पीठ घेऊन धावत आले. त्यांना वाटलं दुकानात कोणी भांडून राहिलं. मी हाताने थांबा म्हटलं. शेवटची मोळी गेली. सगळं हिरवं. फोन बंद झाले. रमेशभाऊंना मी मिठीच मारली, माझ्या शर्टावर त्यांचा पिठाचा छाप उठला.

खात्रीसाठी मी ठेल्यावरची विचारणा पाहिली. कोण कुठून कोणतं नाव विचारतो आणि ठेला काय उत्तर देतो, हे मला पडद्यावर दिसतं. सगळ्यांना ठिकाण मिळत होतं. एक नाव सोडून. त्याला ठेला दर वेळी सांगत होता, असं नाव नाही. नागपुरातून विचारणा, नाही. रायपुरातून, नाही. मला वाटलं बदलताना एखादं नाव सांडलं. पडद्यावर ते रोमन अक्षरांच्या कडबोळ्यात होतं, ओळखू येईना. कडबोळं उचललं, उलट मराठी करायला टाकलं.

इंदु.

"हे इंदु कोन?" रमेशभाऊंनी विचारलं.

 ते नाव सांडलं नव्हतं. ते कधी चढलंच नव्हतं. पण रोल त्यांच्याकडे होता, मीच दिलेला, आणि त्या ते स्टिकर आपल्या क्रेटवर लावत होत्या. दोन-दोन राज्यांत लोक संत्रं हातात घेऊन मोबाइल धरत होते, इंदु कोण विचारत होते, आणि माझा ठेला त्यांना सांगत होता की अशी कोणी नाही.

मी तिथल्या तिथे नाव चढवलं. एक ओळ. माझ्या मोबाइलवर उघडेना. रमेशभाऊंनी खिशातून पीठ झटकत आपला काढला, त्यांच्यावर उघडलं. याचं कारण आहे, त्यांचं सिम वेगळ्या कंपनीचं, वाट वेगळी. ठेल्याने एकदा 'नाही' सांगितलं की वाटेवरचे छोटे ठेले ते 'नाही' काही काळ लक्षात ठेवतात, पुन्हा विचारायला येत नाहीत. तो काळ किती, हे ज्याचं नाव त्यानेच ठरवून ठेवायचं असतं. आमच्या मंडळापुरतं ते मी ठरवलं होतं, आणि आळसाने बरंच लांब ठेवलं होतं. मी मोबाइल हातात धरून वाट पाहत बसलो. चहा आला, निवला. अखेर उघडलं. जंबेरीवर बांधलेली ती झाडं, पाण्याच्या नळीपाशी त्या. मला वाटलं, सुटलो. कोणाला काही न सांगता सुटलो.

दोन दिवसांनी इंदुबाई दुकानात आल्या. एकट्याच, बोरगावहून बसने. व्यापाऱ्याचा फोन आला म्हणाल्या, तुमचं पान पाहिलं म्हणून. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"ते बंद करा."

मी म्हटलं, अहो पण चालतंय, फोन आला ना?

"मर्यादा होती ना, भाऊ? आता कुठी गेली?"

मी म्हटलं, कंपनीने वाढवली. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

त्या स्टुलावर बसल्या. मग जे बोलल्या ते सावकाश बोलल्या. सभेहून गेल्यावर नारायणभाऊंना गावात किती दिवस टोमणे ऐकावे लागले ते सांगितलं. चावडीवर, हातपंपावर, की याच्या बायकोनं मर्यादा सोडली, सभेत इंजिनियरनं तोंडावर सांगितलं. त्यांनी मंडळात जाणं सोडलं. मी विचारलं, मग स्टिकर का लावत होतात? उघडत नव्हतं, ते तर तुम्हाला ठाऊक होतं.

"नाई उघडे तं नाई उघडे. लिवलेलं तं हाय ना."

मी खाली पाहिलं. अर्जाचं तेव्हाही सांगितलं नाही. पण त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण उठता उठता त्या म्हणाल्या, "हे नाव तुम्ही मले इथं चोरून देऊ नका. जिथं अडवलं तिथं द्या. सगळ्याईच्या समोर सांगा का मर्यादा कोनाची होती. मंग टाका."

त्यांच्यासमोरच मी ते नाव काढलं. त्या पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या, गेलं ना याची खात्री केली, आणि स्टँडकडे गेल्या.

त्यानंतर सौंसरला एक सभा झाली. मला बोलायला उभं केलं. माइक हातात घेतला आणि पासवर्ड कसा सांभाळावा यावर बोलून खाली बसलो. चांगलं बोललात, असं दोघा-तिघांनी सांगितलं.

ठेल्यावरचं 'नाही' ठरलेल्या वेळाने आपोआप विरून जातं. सभेत सांगितलेलं तसं विरत नाही, हे मला उशिरा उमगलं. इंदुबाईंचे स्टिकर अजून संपलेले नाहीत. तोडणी सुरू झाली की विचारणा सुरू होते, मला दुकानात बसल्या बसल्या दिसते, आणि प्रत्येक वेळी माझा ठेला सांगतो, असं नाव नाही. कोटा भरपूर रिकामा आहे. नाव टाकायला एक ओळ लागते.

हा अंक मंडळातले किती जण वाचतील माहीत नाही, आणि सगळ्यांनी वाचला तरी यात लिहिणं म्हणजे तिथे सांगणं नव्हे. दिवाळीनंतर सभा आहे. नारायणभाऊ आणि इंदुबाई, दोघांनाही बोलवायला मी स्वतः बोरगावला जायचं आहे. मग त्याच सभागृहात, त्याच माणसांसमोर उभं राहून एवढंच सांगायचं आहे की मर्यादा इंदुबाईंची नव्हती, यंत्राचीही नव्हती, कोटा होता आणि अर्ज मी भरला नव्हता. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.